नोटेवरची भुवई

माझ्या खुर्चीत बसून, माझ्याच भिंगातून तो स्वतःचा अंगठा बघत होता! विचारणं नाही, पुसणं नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"उठा."

तो उठला आणि डावी भुवई वर करून हसला. नव्या नोटेवर कोणाचा चेहरा घ्यायचा हे ठरवणाऱ्या समितीतला हा इतिहासकार. मी नोटांच्या छापखान्यात पोलादी पत्र्यावर चित्रं कोरते. साथीत गावंच्या गावं वाचवणारा एक जुना डॉक्टर समितीनं निवडला होता, आणि तो माझा पहिलाच चेहरा होता. जमला तर पुढचे चेहरे माझे, नाहीतर जन्मभर कडेची वेलबुट्टी.

"पण चेहराच का?" त्यानं विचारलं. "डोंगर काढा, फूल काढा."

"डोंगर जरा वाकडा झाला तर कळेल तुम्हाला? ओळखीच्या माणसाचा ओठ केसभर हलला तरी डोळ्याला खटकतं. खोटी नोट तिथेच सापडते."

"आणि नोटांवर इतके दाढीवाले का?"

"दाढीत बारीक रेघा फार. नक्कल करणाऱ्याच्या नाकी नऊ येतात."

"सगळे मेलेलेच का पण?"

"जिवंत माणूस नोटेवर चालत नाही. उद्या काय दिवे लावेल, कोणी सांगावं?"

"म्हणजे मला आधी मरावं लागणार..."

"घाई करा."

त्या दिवसापासून तो रोज यायला लागला. कधी डॉक्टरांचा एखादा फोटो घेऊन, कधी नुसताच. मी वर बघायचे नाही... म्हणजे, बघायचे. माझा हात हलू नये म्हणून तो शेजारी श्वास रोखून उभा राहायचा. त्याचाही मला राग यायचा.

घरी मी आईपुढे त्याच्याच तक्रारी करायचे. "जेवताना तरी सोड गं त्या बिचाऱ्याला," ती म्हणायची.

समितीपुढे पहिला छाप ठेवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. तो मात्र बघतच राहिला, आणि म्हणाला, "हा चालणार नाही."

बाहेर मी त्याला गाठलंच. "माझ्या पोटावर पाय देताना काहीच वाटलं नाही? काय चुकलं, सांगा!"

त्यानं छाप माझ्यासमोर धरला. मग हळूच स्वतःची डावी भुवई वर केली...

मेले मी! डॉक्टरांच्या कपाळाखाली तीच आगाऊ भुवई, जशीच्या तशी.

"आत कोणाच्या लक्षात आलं नाही," तो म्हणाला. "पण नोट बाजारात गेली की खटकली असती, आणि नाव तुमचं खराब झालं असतं. तुम्ही बाहेर आल्यावर मी समितीला सांगितलंय, फोटो मीच चुकीचा दिला होता. नवा पत्रा तुम्हालाच मिळेल."

"चूक तुमचीच आहे!" माझा आवाज चिरकला. "रोज समोर येऊन हसता — हात दुसरं काय कोरणार? आवडता तुम्ही मला, आणि त्याचाच संताप येतो!"

त्यानं छाप खाली केला. "पण... जिवंत माणूस चालत नाही ना?"

"नोटेवर चालत नाही," मी ओरडले. "घरी चालतो. रविवारी या. आणि आईसमोर ती भुवई खाली ठेवा!"