पत्रातली दुसरी ओळ

यामिनी खोराटेच्या नावाचं राष्ट्रीय केंद्राचं पत्र आलं त्या दिवशी हसूरगीतली जिलेबी संपली. गडहिंग्लजहून आणखी मागवावी लागली. पत्राच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'कमालरेषा : सामन्याला २.९ गोल.' हॉकीतल्या सोळा वर्षांच्या कुठल्याही सेंटर फॉरवर्डला देशात इतका आकडा कधी मिळाला नव्हता. खाली दुसरीही ओळ होती, पण पहिली वाचल्यावर लोक नाचायला लागले.

कमालरेषा म्हणजे काय हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. एखादी हालचाल आपण पुन्हा पुन्हा केली, की तिचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंवर चरबीचं पातळ आवरण चढत जातं. तारेवर चिकटपट्टीचे वेढे घ्यावेत तसं. आवरण जाड झालं की निरोप वेगाने जातो आणि हात न अडखळता चालतो. यालाच आपण सराव म्हणतो. पण किती वेढे बसणार, याला प्रत्येक शरीराची मर्यादा असते. मेंदूचं चित्र घेऊन आवरणाची जाडी आणि वाढीचा वेग मोजला, की वाढ कुठे थांबेल ते सांगता येतं. त्याला सामन्यांच्या नोंदी जोडल्या, की खेळाडू फार तर किती गोलांपर्यंत जाईल ते कळतं. ती त्याची कमालरेषा. राष्ट्रीय केंद्रात जागा मिळायला फॉरवर्डची रेषा निदान एक गोल लागे.

हसूरगीच्या मुलींना दत्ताजी मगदूम शिकवत. वय सदुसष्ट. सगळे त्यांना आण्णा म्हणत. त्यांची बायको कलावती तीन वर्षांपूर्वी गेली. मुली तिला काकी म्हणत. एकतीस वर्षं मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून तिने प्रत्येक सामन्याची वही लिहिली होती. आता त्याच खुर्चीवर बसून आण्णा लिहीत. त्यांचं अक्षर वाईट होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

एवढा मोठा आकडा आला म्हणून केंद्रातून डॉ. वैदेही तुळपुळे स्वतः मुलीला बघायला आल्या. कमालरेषा काढणाऱ्या गटाच्या त्या प्रमुख होत्या. रविवारी सकाळी सामना झाला. हसूरगीने चार गोल केले. यामिनीने एकही केला नाही.

"आज तिचा दिवस नव्हता," डॉक्टर म्हणाल्या.

"कुणाचा, यामीचा?" आण्णांनी वही पुढे केली. "तिचे तीन झालेत की."

वहीत स्पष्ट होतं, 'यामिनी, ३.'

"आण्णा, मी डोळे उघडे ठेवून बसले होते. तिने एकदाही गोलवर चेंडू मारला नाही."

"मारला न्हाई. दिला. चारातले तीन पास तिचे."

"मग गोल तिच्या नावावर कसे?"

"मग कुणाच्या नावावर लिवायचे?" आण्णांना प्रश्नच कळला नव्हता.

ती काकीची पद्धत होती. फार पूर्वी एका गोलावरून दोन चुलत बहिणी सहा महिने एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. काकीने तेव्हा ठरवून टाकलं, की मारणारीला टाळ्या मिळतात, तर वहीत पास देणारीचं नाव जाईल. वही ती कुणाला दाखवत नसे. खंडेनवमीला स्टिकांची पूजा झाली, की वर्षाची वही मोठ्याने वाची. गावात दोन पिढ्यांच्या मुली याच नोंदीवर वाढल्या होत्या. त्याच पद्धतीच्या नोंदी आण्णांनी केंद्राला पाठवल्या होत्या.

"बाहेर सगळीकडे गोल मारणाऱ्याचं नाव लिहितात," डॉक्टर म्हणाल्या.

"सगळीकडं?" आण्णा म्हणाले. "आन् आमाला वाटायचं, शेजारच्या गावचे तेवढे येडे."

डॉक्टर हसल्या, पण लगेच थांबल्या. "ऐका. मेंदूचं माप बरोबर आहे. आकडाही बरोबर आहे. शब्द चुकलाय. २.९ गोल नाहीत, पास आहेत. गोल धरले तर हिची रेषा शून्य पूर्णांक तीन. आणि आमचं यंत्र फक्त गोल ओळखतं. त्याला पास माहीतच नाही."

"मग जागा?"

"नियमाने गेली."

पाणी प्यायला आलेली यामिनी मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. अंगभर लाल माती, कपाळावर घाम.

"म्हंजे जिलेबी परत करायची का ओ मॅडम?"

मग तीच म्हणाली, "आता पोटातनं कशी काढायची?" आणि परत मैदानात पळाली. पण पळताना तिने एकदा स्टिकने रिकाम्या जमिनीवर जोरात फटका मारला. आण्णांनी ते पाहिलं.

डॉक्टरांनीही पाहिलं. "या सगळ्या वह्या मला द्या," त्या म्हणाल्या. "पास देणारी सेंटर संघाला किती गोल मिळवून देते, हे सिद्ध करता आलं तर निवड समितीला नियम बदलावा लागेल. पण त्यासाठी वर्षानुवर्षांची नोंद लागते, आणि देशात ती दुसरीकडे कुठेही नाही."

आण्णांनी घरातून एकतीस वह्या आणल्या. दोन वेळा टेबलावर ठेवल्या, दोन वेळा परत उचलल्या. "जपून न्या," शेवटी म्हणाले. "अक्षर तिचं हाय."

डॉक्टर परत आल्या त्या खंडेनवमीलाच. स्टिका झेंडूच्या माळा घालून ओळीने मांडल्या होत्या. वह्या त्यांनी नव्या कापडात बांधून आणल्या होत्या. समितीने पासांची रेषा मान्य केली होती. यामिनीला जागा मिळाली होती. हलगी सुरू झाली, आणि मुलींनी डॉक्टरांनाच खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. तो फसला. डॉक्टरांची चप्पल तेवढी हरवली.

गडबड थोडी कमी झाल्यावर त्या अनवाणीच आण्णांच्या शेजारी येऊन बसल्या. "बारा वर्षांत आम्ही चाळीस हजार मुलं परत पाठवली," त्या म्हणाल्या. "त्यांत पास देणारी किती होती, आता कळायचा मार्ग नाही. त्यांच्या गावात काकी नव्हती."

आण्णांनी मान हलवली.

"आणखी एक आहे. पत्रात दुसरी ओळ होती. आजचा आकडा. यामिनीचा आजचा आकडा २.८ आहे."

आण्णांना कळायला थोडा वेळ लागला. "म्हंजे वाढ संपली?"

"जवळजवळ. तिचं आवरण फार लवकर जाड झालं. या मैदानावर ती आज जशी खेळते, त्याहून फारशी चांगली ती कधीच खेळणार नाही. देशात सगळ्यांत वर असेल, पण हाच तिचा माथा आहे. तिला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

आण्णांनी मैदानाकडे पाहिलं. "कलावतीला दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आठ महिने दिलेले," ते म्हणाले. "मी तिला सांगितलं न्हाई. ती रोज हसत मैदानावर यायची. दर वर्षी नवी वही आणली की ती अख्ख्या वहीला एका बैठकीत पेन्सिलीनं रेघा मारायची. ती गेल्यावर वही उघडली. त्या वर्षी रेघा निम्म्याच पानांवर होत्या. तिला ठावं होतं."



पूजेनंतर मुलींचा सामना सुरू होणार होता. यामिनी आपल्या स्टिकवरची माळ काढून आण्णांच्या गळ्यात घालायला आली.

"आण्णा, मी अजून किती वाढंन ओ?"

"लई वाढशील."

यामिनी हसली. "लबाड. दुसरी ओळ मी जिलेबीच्या आधी वाचलेली." ती खाली बसून बुटाची नाडी बांधू लागली. "पॉइंट एक म्हंजे किती, ते सांगा."

आण्णांनी हिशेब केला. "धा सामन्यांत एक पास."

"एक हाय न्हवं अजून?" ती उठली. "मग तो हुडकायचा."

ती मैदानात गेली. सातव्या मिनिटाला तिने चेंडू न बघता डावीकडे असा सोडला, की गोल खाऊनही समोरच्या गोलकीपरला हसू आलं. काकीच्या खुर्चीवर बसून आण्णांनी तिचं नाव लिहिलं. मग वहीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सामन्याचा क्रमांक टाकला, दहातला एक. असा क्रमांक काकीने कधी टाकला नव्हता. तो खोडावा असं त्यांना वाटलं. पण त्यांनी खोडला नाही, आणि पुढच्या रविवारी दोन लिहिला.