दहापैकी दहा

"डाव्या चपलेचा पट्टा सुटतोय तुमचा," बाकावरचा तरुण डोळे न उघडताच म्हणाला.

दवाखान्याचा जिना धावत चढून आलेली फिजिओ थबकली. खाली पाहते तर काय, पट्टा खरंच सुटत आलेला!

"तुम्हाला कसं कळलं?"

"पावलं ऐकण्याचाच पगार मिळतो मला."

चोवीस वर्षांचा हा प्राणी बंदुकीचे गेम खेळून पोट भरायचा. भिंतीआड कोण चालतंय, किती लांब आहे, सगळं हेडफोनमधून हेरायचा आणि एका क्लिकमध्ये टिपायचा. संघातले त्याला घार म्हणत. आणि या घारीच्या उजव्या हाताला सहा महिने मुंग्या येत होत्या.

तपासणी साधीच. त्याने डोळे मिटायचे, तिने एकेका बोटाला कापूस लावायचा, त्याने बोट ओळखायचं.

"तर्जनी... मधलं... अंगठा... आणि आता तुम्ही हसताय."

"गप्प बसा हो! हे तपासणीत नाही."

दहापैकी दहा. तीन आठवडे हेच. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, देव जाणे! व्यायाम वीस मिनिटं, गप्पा तासभर. एखाद्या दिवशी तो आला नाही, तर बाईसाहेबांचं कशात लक्ष लागायचं नाही.

रविवारी अंतिम सामना होता. त्याने कॉलेज सोडल्यापासून अबोला धरलेले बाबा पहिल्यांदाच बघायला येणार होते. फिजिओने 'तंदुरुस्त' लिहून दिलं की झालं.

शुक्रवारी ती लिहायला बसली आणि तिची नजर त्याच्या तळहातावर गेली. अंगठ्याखालचं मांस पार बसलं होतं. हात इतका वाळलाय, आणि बोटांना सगळं कळतं? कापूस पुढे नेताना सळसळणारी आपल्या कोटाची कडक बाही तिला आठवली. मेला कानांनी पास होत होता!

"हेडफोन घाल. गाणं मोठ्याने लाव... डोळे मीट."

"अगं, पण—"

"मीट म्हणते ना!"

तिने त्याच्या तर्जनीवर कापूस फिरवला. तो गप्प. मधल्या बोटावर फिरवला. तरी गप्प. मग कापूस टाकून तिने आपलंच बोट हलकेच त्याच्या बोटावर ठेवलं... आणि तसंच राहू दिलं.

"सुरू कर ना," तो डोळे मिटूनच, जरा मोठ्याने म्हणाला. "की लाजतेस? मला तर रोज वाटतं, एकदा नुसता हात धरावास... रविवारी जिंकलो की विचारणार होतो. ए, ऐकतेस ना?"

तिचा हुंदका त्याला ऐकू गेला नाही. उत्तर येईना, म्हणून त्याने डोळे उघडले. तिचं बोट त्याच्या बोटावर होतं.

त्याने हेडफोन काढले. "कधीपासून?"

"मघापासून."

"मला वाटायचं... कळतंय." त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "एवढा एकच सामना खेळू दे. मग हवं तर ऑपरेशनही करून घेतो. बाबा येतायत गं!"

"हात आणखी ताणलास तर शर्टाचं बटणही लावता येणार नाही तुला. जन्मभर!" ती रडत रडतच ओरडली. "तुझ्यावर जीव आहे माझा. खोटं नाही लिहिणार मी."

तिने लिहिलं : 'खेळण्यास अपात्र'. पेन थांबेपर्यंत तो मान खाली घालून ऐकत होता.

"बाबांनी चार वर्षांनी रविवार मोकळा ठेवलाय," तो म्हणाला. "वाया कशाला घालवायचा? तुलाच बघायला घेऊन येतो."

तो हसायला गेला आणि ढसाढसा रडला. तिने त्याचा उजवा हात धरला.

"तो नको," त्याने डावा पुढे केला. "हा धर."