चौदावं रीळ

मी सिताराम. वय त्र्याहत्तर. आयुष्यात लय थापा मारल्या. मशीनच्या उजेडाला भुलून एकदा वाघ तंबूत आला आणि पिक्चर संपेपर्यंत बसला, असंही सांगितलंय मी. लोकांनी मानलं.

ही थाप नाही.

पटत नसेल तर वालूरला या. सरजाबाईला विचारा. ती काही सांगणार नाही... पण तुमच्याकडं कशी बघते ते बघा.

आणि रात्रीबित्रीची गोष्ट नाही ही. गेल्या माघातला बाजाराचा वार. दुपारचे दोन. बाहेर लख्ख ऊन.

आधी मागचं सांगतो.

पस्तीस वर्षांपूर्वी मी टुरिंग टॉकीजचा ऑपरेटर होतो. मालक भुजंगराव. एक तंबू, एक ट्रक, एक मशीन. आज चुडावा, चार दिवसांनी पोखर्णी. मशीन एकच, म्हणून एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत अंधार. त्या अंधारात गड्यांच्या शिट्ट्या आणि बायकांचं नाक ओढणं.

त्या साली एक पिक्चर आणला. नाव सांगत नाही, सांगितलं की शोधत बसाल. त्यात रेणुका नावाची बाई. नवरा तिला विहिरीत ढकलतो. तेराव्या रिळाच्या शेवटी पाण्यावर नुसता तिचा पदर तरंगतो. चौदाव्या रिळात ती ओल्या लुगड्यानं वर येते, डावीकडं वळते, घरात शिरते आणि नवऱ्याला केसाला धरून विहिरीकडं फरफटत नेते.

बायकांना त्या रेणुकाचं वेड लागलं. पडद्याच्या पायाशी तिची ओटी भरायच्या. खण, नारळ, तांदूळ. नारळ मी खायचो. खोटं कशाला बोलू?

मग तंबू वालूरला लागला.

वालूर भुजंगरावाचं गाव. तंबू यायच्या दोन वर्षं आधी त्याची बायको तानुबाई त्याच्याच मळ्यातल्या विहिरीत गेली होती. पाय घसरला, असं तो म्हणाला. गाव काहीच म्हणालं नाही. निम्मं गाव त्याच्या तंबूत फुकट बसायचं.

पहिला खेळ. चौदावं रीळ. रेणुका वर आली...

आणि एकाही बाईनं पडद्याकडं बघितलं नाही.

सगळ्याजणी मागं वळल्या. दाराशी भुजंगरावाची खुर्ची असायची. पडद्याच्या उजेडात शंभरेक तोंडं त्याच्याकडं बघायलेली. ना शिवी, ना हुंदका.

सकाळी त्यानं त्या रिळाचा डबा माझ्या हातात दिला.

"सिताराम, हे हिरीत टाक. हितून पुढं पिच्चर तेरा रिळाचा."

"मालक, बायका तंबू फाडतील."

"फाडू दे. टाक म्हणलं की टाकायचं."

कोणत्या विहिरीत, ते तो बोलला नाही. मी जवळची बघितली.

त्याच्याच मळ्यातली.

मला कळत होतं का? कळत होतं. तानुबाई मला जेवायला वाढायची. तिच्या मानेवरचे वळ मी बघितले होते. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, मी मशीनवर होतो, मला काय ठाऊक?

डबा पाण्यात पडला. बुडबुड झाली नाही. आवाजच आला नाही.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई पहिल्यांदा पिक्चरला आली. ती तानुबाईसंगं खुरपायला जायची. तेरावं रीळ संपलं, मी दिवे लावले. सगळे उठले. ती उठली नाही. पडद्यापाशी जाऊन तिनं हिरवा खण ठेवला.

"बया, गारठली असशील. वर आलीस की हे अंगाला घे."

तेव्हापासून बाजारात दिसली की तिचा एकच सवाल.

"ऑपरेटर, रेणुकानं पुढं काय केलं रं?"

"मेली की ती."

"मेली ते म्याबी बघितलं. पुढं काय केलं?"

पस्तीस वर्षं, बरं का.

तंबू गेला. ट्रक भंगारात गेला. मशीन आणि तेरा डबे माझ्या घरात राहिले. गेल्या माघात वालूरच्या शाळेतल्या मनिषा मॅडम आल्या.

"मामा, पोरींना जुना सिनेमा दाखवायचाय. मशीन चालतंय का?"

"मशीन चालतंय. माझे गुडघे चालत न्हाईत."

मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना काळी ताडपत्री लावली. बाजाराच्या दिवशी बायकांना रोजावर जायचं नसतं, म्हणून दुपारची वेळ. प्रमुख पाहुणे भुजंगराव. वय ऐंशी, हातात काठी, गळ्यात हार. तो हळूच माझ्यापाशी आला.

"सिताराम... तेराच न्हवं?"

"तेराच, मालक. पेटीत मोजून ठेवलेत."

"बरं."

मग त्यानं आपली खुर्ची दाराशी ओढून घेतली. जुनी सवय.

पिक्चर सुरू झाला. पोरी आधी खिदळल्या. तिसऱ्या रिळाला गप्प झाल्या. सातव्याला म्हाताऱ्या रेणुकाच्या नवऱ्याला शिव्या घालायला लागल्या. "अगं, त्याच्यावर इस्वास ठिवू नको!" पडद्यावरच्या बाईला ओरडून सांगत होत्या, जशी ती ऐकणारच होती.

तेरावं रीळ. पाण्यावर पदर.

पडदा काळा झाला. मी दिव्याच्या बटणाकडं हात नेला.

"थांब की रं."

सरजाबाई. अंधारात.

"अजून हाय."

मी म्हणणार होतो, नाही. पण दुसरा हात सवयीनं पेटीत गेला होता...

पेटीत चौदावा डबा होता.

गार. ओला. वरून शेवाळ.

तुम्ही म्हणाल, सिताराम, तूच चढवलं असशील. चढवलं असेल. हात माझेच होते. पण ते माझं ऐकत नव्हते. पस्तीस वर्षं पाण्यात राहिलेली फिल्म खरवसासारखी लिबलिबीत व्हायला पाहिजे. ही कोरी करकरीत होती.

मशीन चालू झालं.

आणि त्याची टरटर येईना.

पंखा बंद झाल्यासारखी शांतता. फक्त कुठंतरी पाणी गळत होतं. टप्... टप्...

पडद्यावर विहीर. काठावर हात आला. मग डोकं. मग ओलं लुगडं.

हे रीळ मी चाळीसदा दाखवलंय. रेणुका डावीकडं वळते.

ती वळली नाही.

सरळ आली. पुढं... आणखी पुढं. पडदाभर तोंड झालं. ते त्या नटीचं तोंड नव्हतं.

"तानू..." सरजाबाई हळूच म्हणाली.

आणि सगळ्या बायका मागं वळल्या. ज्या पोरींनी तानुबाईचं नावही ऐकलं नव्हतं, त्यासुद्धा.

मी पडद्याकडं बघितलं. पडदा पांढरा. त्यात कुणी नव्हतं.

दाराकडून भुजंगरावाचा आवाज आला. एकदाच. घागर बुडताना करते तसला.

फट्कन फिल्म तुटली. मशीनची टरटर परत आली. मी दिवे लावले.

भुजंगराव खुर्चीतच होता. काठी हातात. हार गळ्यात. कपडे कोरडे. टाळूवरचे चार केस मात्र उभे, कुणीतरी मुठीत धरून सोडल्यासारखे.

मान पुढं पडली आणि नाकातोंडातून पाणी आलं. हिरवं. फरशीभर.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय थांबलं. पाण्याचं त्यांनी लिहिलं नाही. कुणी लिहा म्हणालंही नाही.

मनिषा मॅडमनी मोबाइलवर शूटिंग घेतलं होतं. मला दाखवलं. त्यात पडदा शेवटपर्यंत पांढराच आहे. आणि साठ बायका मागं वळून बघायल्यात. पापणी न हलवता.

सरजाबाई निघताना हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

"झालं बया मनासारखं," ती पडद्याला म्हणाली.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला वाघाचीच सांगितली असती.

फिल्म तुटली म्हणालो ना? दोन हात तुकडा डब्यात राहिला. तो कुणीच बघितला नाही.

मी उन्हात धरून बघितला.

चित्रात एक खोली आहे. एक माणूस मशीनपाशी पाठमोरा बसलाय. डोक्यावर टोपी. टोपीला मागं बिडीनं पडलेलं भोक. तसलं भोक माझ्याच टोपीला आहे.

पहिल्या चित्रात खोलीचं दार बंद आहे. शेवटच्या चित्रात उघडं... आणि चौकटीवर एक ओला हात आहे.

डबा जाळायला गेलो, काडी पेटत नाही. पुरला, तर सकाळी परत फळीवर. आता तिथंच आहे. रोज त्याच्याखाली पाणी साचतं. रोज पुसतो.

काल बाजारात सरजाबाई भेटली. मी नजर चुकवली. तिनं हाक मारली.

"ऑपरेटर, संपला का रं पिच्चर?"

"संपला की. तुमीच तर बघितला."

तिनं पिशवी उघडून दाखवली. नारळ, तांदूळ आणि नवा हिरवा खण.

"मग ती सपनात येऊन आणखी एक ओटी का मागायलीय?"