बाजूच्या सीटचा बेल्ट

कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. पटवून द्यायचं त्राण आता माझ्यात नाही. पण घडलं ते असंच घडलं.

गेल्या महिन्यातला मंगळवार. बंगळुरूच्या पीण्या भागातलं आमचं गॅरेज. दुपारचे चार, बाहेर लख्ख ऊन.

मी बिंदुमाधव. तीस वर्षं डिझेल गाड्या दुरुस्त करतोय. त्यातली अठ्ठावीस थोरल्या भावाबरोबर, पद्मनाभअण्णांबरोबर. आमची एक पद्धत होती. टेस्टला मी गाडी चालवायची आणि अण्णांनी बाजूला बसून स्कॅनरवरचे आकडे मोठ्याने वाचायचे. मागितला इतका, मिळाला इतका. म्हणजे कॉम्प्युटरने डिझेलचा किती दाब मागितला आणि पंपाने किती दिला. दोष सापडेपर्यंत अण्णा गाडीतून उतरत नसत. जेवायलासुद्धा नाही.

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली.

आता मी एकटाच जातो. आकडे लॅपटॉप साठवून ठेवतो.

ती गाडी सुप्रीताची. आमच्या नात्यातली मुलगी, बेळ्ळंदूरला नोकरी करते. हौसेने माझ्याकडूनच रीमॅप करून घेतली होती. म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवलेली. अण्णा असते तर मला कच्चा खाल्ला असता. आता चढावर गाडीचा दम जायचा. बुधवारी सकाळी आईला घेऊन तिला बेळगावला लग्नाला जायचं होतं. वाटेत दगा देणार नाही ना, असं तिने दोनदा विचारलं. मी नाही म्हणालो.

फिल्टर बदलला. पंपाचा वॉल्व्ह बदलला. तीनदा चालवून आलो. पहिले पाढे पंचावन्न.

वैतागून साठवलेले आकडे उघडले... आणि बघतच राहिलो.

मिळालेला दाब आधी पडत नव्हता. मागितलेलाच आधी पडत होता. कारण त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललेला दिसत होता.

मी तर पाय पूर्ण दाबून होतो.

पेडलचा सेन्सर तपासला. ठणठणीत होता. पुन्हा बाहेर पडलो. चढ आला. पाय दाबला...

टिंग. टिंग. टिंग.

बाजूच्या सीटवर कुणी बेल्ट न लावता बसलं की वाजते ती घंटी. तिथे लॅपटॉप होता. त्याच्या वजनाने वाजत असेल म्हणून मी तो मागे ठेवला.

घंटी थांबली नाही.

गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. डिझेलचा वास आला. पंपावरची स्टीलची नळी पाझरत होती. ती नळी एकदा सोडली की नवीच घालायची, हा अण्णांचा नियम. रीमॅपच्या वेळी पंप बदलला तेव्हा मी दमलो होतो. जुनीच आवळून टाकली होती. खाली तापलेला टर्बो. आणखी जोर लावला असता तर गाडी पेटली असती.

माझी मलाच लाज वाटली. रडूही आलं.

नवी नळी घातली. चढावर दाब पडला नाही. घंटी मात्र वाजतच होती. मी इतका थकलो होतो की रिकाम्या सीटचा बेल्ट लावून टाकला. आवाज बंद झाला. संध्याकाळी गाडी देऊन टाकली.

बुधवारी सकाळी सुप्रीताचा फोन आला. तुमकूर ओलांडलं होतं. गाडी छान पळतेय म्हणाली. आई मागे झोपली होती. पुढच्या रिकाम्या सीटचा बेल्ट उगाच लावलेला दिसला म्हणून तिने तो काढला, आणि तेव्हापासून...

मला फोनमधून ऐकू येत होतं. टिंग. टिंग.

"काका, बाजूला कुणीच नाही. बेल्ट परत लावू का?"

दोष सापडेपर्यंत अण्णा उतरत नसत.

"गाडी कडेला घे," मी म्हणालो. "आईला उतरव. आत्ता."

त्या दोघी टॅक्सीने पुढे गेल्या. गाडी मी ओढून आणली. तीन आठवडे झाले. जुना प्रोग्रॅम परत घातला. पंप, इंजेक्टर, ब्रेक, वायरिंग, सगळं उलगडून पाहिलं. काही सापडत नाही. सीटचा सेन्सर तेवढा काढलेला नाही, हात धजत नाही. सुप्रीता रोज गाडीचं विचारते. मी उद्या म्हणतो.

रोज सकाळी चावी फिरवतो...

टिंग.

"अजून सापडलं नाही, अण्णा," असं रिकाम्या सीटला सांगतो आणि बॉनेट उघडतो.