पाहुणगाठी

"घरी कोण कोण असतं?" असं कुणी विचारलं की निवृत्त चित्रकला शिक्षिका हेमलता कोरगावकर म्हणायच्या, "घरात मी एकटी. पोटात मात्र वीसेक जण आहेत!"

थट्टेत म्हटलं तरी ते खरं होतं. बाईंच्या यकृतात जन्मजात दोषामुळे पाण्याने भरलेल्या असंख्य गाठी होत्या. पूर्वी अशा माणसाचं पोट फुगायचं, दम लागायचा, एवढंच. मग शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की शरीराची संरक्षक फौज या बंद गाठींत सहसा शिरत नाही. तिथे परक्याची पेशीही सुखाने जगते. यकृताच्या कॅन्सरचा धोका असलेल्या माणसाच्या पेशी अशा गाठीत ठेवायच्या आणि औषधाने त्यांना भराभर म्हातारं करायचं. पेशींच्या मालकाला काही वर्षांनी होऊ शकणारा कॅन्सर तिथे आजच दिसे. अशा गाठीला म्हणत पाहुणगाठ. बाईंसारख्या यजमानाला पाहुण्यांची नावं कळत नसत, पाहुण्यांना यजमानाचं.

कोल्हापूरच्या तपासणी केंद्रात बाई दर महिन्याला इस्त्रीची साडी नेसून जात. खरं सांगायचं तर त्यांची वाट बघणारी तेवढीच एक जागा उरली होती.

या खेपेला डॉ. तन्वीर बागवानांनी खुर्ची जवळ ओढली. "बाई, कॅन्सर सापडलाय."

"अगं बाई! कुठल्या पाहुण्याचा?"

"तुमचा."

"असा कसा? दर महिन्याला तपासताय की मला!"

"तुम्हाला नाही, बाई." डॉक्टर म्हणाले. "पाहुण्यांच्या पेशींच्या खुणा स्पष्ट दिसाव्यात म्हणून यंत्र तुमच्या स्वतःच्या खुणा वजा करतं. आम्ही दर वेळी तुम्हाला वगळूनच बघत आलो."

बाई भयंकर चिडल्या. "मग काढा ते यकृत. नवीन बसवा. मला जगायचंय."

"बसवता येईल. पण पाहुणगाठीही जातील. नियमाप्रमाणे प्रत्येक पाहुण्याची संमती लागते."

आठवड्याभरात उत्तरं आली. एक सोडून सगळ्यांनी होकार दिला. त्या एकाने कळवलं होतं, माझे पुढचे दोन-तीन निकाल येऊ द्यात, मग बघू.

"तेवढा वेळ आहे माझ्याकडे?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"मग माझं नाव सांगा त्यांना. चित्रं शिकवायची ती बाई, म्हणावं. कुणीतरी आहे इथं, एवढं तरी कळू दे की."

"खास परवानगी काढून मी त्यांना आधीच विचारलं, बाई. यजमानाचं नाव सांगू का म्हणून. नको म्हणाले. नाव कळलं तर नकार द्यायला जड जाईल, म्हणाले."