काळवणे रेडिओजचा शेवटचा हार

सुरेखा आली तेव्हा कडूबा साबळे खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी काढत होते. हर्सूलच्या तुरुंगात सगळी नोकरी पहाऱ्यात गेलेली; आता झोप आली की तिला अडवायचं नाही, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा एकमेव नियम होता. गुन्हेगार त्यांनी पोत्यानं पाहिले होते, पण सगळे आयते पकडून आणलेले. ते पकडायचे कसे हे शिकायला ते खासगी तपासनीस सुलेखा दांडगे यांच्याकडे आले होते, आणि अजून शिकतच होते.

सुलेखाबाई पूर्वी विमा कंपनीसाठी मृत्यूच्या दाव्यांची चौकशी करायच्या. आता समर्थनगरात त्यांचं स्वतःचं कार्यालय होतं.

“आत नाय येत, मॅडम. सुतक हाय,” सुरेखा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. नवऱ्याचा दहावाही व्हायचा होता. अशा दिवसांत बाई घराबाहेर पडली म्हणजे पाणी गळ्याशी आलं असणार, हे कडूबांनाही कळलं. त्यांनी आपली खुर्ची दारात नेऊन ठेवली.

तिचा नवरा सोमनाथ हा ‘काळवणे रेडिओज’ या दुकानात मेकॅनिक होता. दसऱ्याच्या सकाळी दुकानाच्या बोर्डाला हार घालताना शॉक लागून तो गेला, सगळ्या बाजारादेखत.

“समदे म्हणतेत, वायरिंग त्याच्याच हातचं, त्याच्याच चुकीनं मेला,” ती म्हणाली. “अन् फुलंब्रीची ती पोरगी बी त्याच्याच चुकीनं मेली म्हणतेत. दसरा झाला की ते ठाण्यात जाऊन बोलणार व्हते. काय बोलणार ते मला नाय सांगितलं. माझी लेकरं साळंत जातेत, मॅडम. तुमचा बाप कसा व्हता, असं कुणी इचारलं तर त्यांनी काय सांगावं? खरं काय ते मला पाहिजे.”

काळवणे रेडिओज शहरात कुणाला ठाऊक नाही? आजोबांचा रेडिओ तिथला, वडिलांचा टीव्ही तिथला. पण गेल्या उन्हाळ्यात त्यांनी विकलेल्या कूलरला हात लागून फुलंब्रीची सायली नावाची शाळकरी मुलगी दगावली. मेकॅनिकनं जोडणी चुकीची केली, असं सांगून दुकानानं हात झटकले. पोलिसांची चौकशी चालू राहिली आणि गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. म्हणून धाकट्या मालकानं, विश्वजीतनं, नावच बदलायचं ठरवलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर जुना बोर्ड उतरणार होता आणि ‘केवन’ असा चकचकीत नवा बोर्ड चढणार होता. या शहराला नव्या नावांचं अप्रूप नाही. पाटी बदलते, जीभ आपल्या सवडीनं बदलते.

“मला तर सरळ दिसतंय,” सुरेखा गेल्यावर कडूबा म्हणाले. “दर दसऱ्याला तो हार म्हातारे शेठ राजकुमार काळवणे घालतात. जुनं नाव सोडायला तेच तयार नव्हते. पोरानं बापासाठी सापळा लावला, अन् त्यात सापडला बिचारा सोमनाथ.”

“असेल,” सुलेखाबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ‘असेल’ आलं की ते बहुधा नसतं, एवढं कडूबा शिकले होते.

औरंगपुऱ्यातल्या दुकानावर जुना बोर्ड अजून तसाच होता. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं, पत्र्याच्या आत ट्यूबलाइट्स आणि एका कोपऱ्यात सुकलेला झेंडू. नवा बोर्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भिंतीला टेकवलेला होता.

तो बसवणारा अतुल घाबरून अर्धा झाला होता. पोलिसांनी त्यालाही दोनदा बोलावलं होतं. दसऱ्याच्या आदल्या सकाळी नव्या बोर्डाचे क्लॅम्प त्यानंच ठोकले होते. जुन्या बोर्डातले दिवे लावून ठेवूनच त्यानं काम केलं, पत्र्याला टेकून केलं, आणि त्याला काही झालं नाही. याची त्यानं आईची शपथ घेतली.

“मग दसऱ्याला सोमनाथ का चढला वर?” सुलेखाबाईंनी विचारलं.

“शेठनीच सांगितलं न त्याला. मी टेंपोपाशी व्हतो, ऐकलं मी. पिशोरला भावकीत कुणी वारलंय, मला सुतक हाय, हार तू घाल म्हणले. सोमनाथभाऊ लगेच चपला काढून शिडीवर गेला. शिडी लोखंडी, हार ओला. हात लागला न चिकटलाच तो.”

सुरेखानं सांगितलं होतं की रबरी चपलेशिवाय सोमनाथ कुठल्याही कामाला हात घालत नसे. कडूबांना ते आठवलं, पण पूजेला चपला घालून कोण चढतं? त्यांनी उसासा टाकला आणि विषय सोडून दिला.

विश्वजीत नव्या काचेच्या केबिनमध्ये बसला होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलणं तुटक. सगळं नव्यानं सुरू करायचं होतं आणि सुरुवातीलाच मढं पडलं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्या सकाळी आतली पूजा त्यानं केली, नारळ त्यानं फोडला. वडील गल्ल्यावर गप्प बसून होते. बोर्डाच्या दिव्यांचं बटण गल्ल्याशेजारीच आहे. शेवटचा दिवस म्हणून त्यांनी ते सकाळीच दाबलं होतं.

“ते रुसले होते,” विश्वजीत म्हणाला. “आदल्या दुपारी स्वतः शिडीवर चढून बोर्ड पुसत बसले होते. कुणाला जवळ येऊ देईनात. रडत असतील म्हणून मीही गेलो नाही.”

म्हातारे शेठ घरी भेटले. पिशोरहून येऊन रेडिओ दुरुस्त करता करता एवढं दुकान उभं केलेला माणूस. गुळगुळीत दाढी, कपाळाला अष्टगंध. देवघरात समई तेवत होती, सूनबाई देवांना फुलं वाहत होत्या. सोमनाथ आपल्याला पोरासारखा होता, असं शेठ म्हणाले. निष्काळजी होता तेवढा.

“हार या वेळी तुम्ही का घातला नाही?”

“मन झालं नाही, बाई. उतरवायच्याच बोर्डाला काय हार घालायचा?”

कडूबांचे डोळे भरून आले. माणसाला आपलं नाव पुसलं जाताना पाहावं लागणं म्हणजे जिवंतपणी आपल्याच तेराव्याला जेवणं, असं त्यांना वाटलं. बाहेर आल्यावर सुलेखाबाईंनी विचारलं, “काका, त्या घरात काय पाहिलंत?”

“चहा फक्कड होता,” कडूबा म्हणाले. सुलेखाबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच पिशोरला जाऊन आल्या.

सोमनाथचा तेरावा झाल्यावर सगळे दुकानात जमले. शटर अर्धं ओढलेलं होतं. फौजदार कागद घेऊन बसले होते. सुरेखा एका न उघडलेल्या फ्रिजच्या खोक्याला टेकून उभी होती.

“बोर्डामागची वायर सोलून पत्र्याला टेकवली होती,” सुलेखाबाई म्हणाल्या. “ती आपोआप उघडी पडली नाही. आदल्या सकाळी दिवे चालू असताना अतुल त्याच पत्र्याला टेकून काम करत होता. तो खोटं बोलतोय म्हणावं, तर हार कोण घालणार हे त्याला आधी कळण्याचं कारणच नव्हतं. त्याच्यानंतर बोर्डापाशी एकच माणूस गेला. शेठ, तुम्ही.”

“माझाच बोर्ड. पुसायला गेलो होतो.”

“मग सोमनाथला सुतक का सांगितलंत?”

विश्वजीतनं मान वर केली. “कसलं सुतक?”

“तेच तर. भावकीत कुणी गेलं असतं तर सुतक तुम्हालाही लागलं असतं. तुम्ही त्याच सकाळी पूजा केलीत, नारळ फोडलात, आणि वडिलांनी अडवलं नाही. मी घरी आले तेव्हा समई लागलेली, देवांना फुलं, शेठची ताजी दाढी. सुतकातल्या घरात यातलं काहीच होत नाही; सुरेखाताई तर माझ्या उंबऱ्याच्या आतही आल्या नाहीत. मला शेठ म्हणाले, मन झालं नाही. सूनबाईंसमोर सुतक कसं सांगणार? मी पिशोरला जाऊन तुमच्या भावकीतली घरं पालथी घातली. सगळी माणसं धडधाकट आहेत.”

“पण नुसतं मन नाही म्हणले असते तरी भागलं असतं की,” कडूबा न राहवून म्हणाले.

“नसतं भागलं, काका. शेवटचा हार शेठच्याच हातचा पाहिजे म्हणून सोमनाथनं पाय धरले असते, बाजारानं आग्रह केला असता. सुतकापुढं कुणी आग्रह करत नाही. आणि कामाला रबरी चपला घालून चढणारा मेकॅनिक हाराला अनवाणीच चढणार, हे शेठना पक्कं ठाऊक होतं. रोज दिवे लागणाऱ्या बोर्डाचा संशय तरी कुणाला येणार? तो ठाण्यात काय सांगणार होता ते मला माहीत नाही. ते शेठ, तुम्हीच सांगा.”

शहरात येऊन पन्नास वर्षं घासून-पुसून ठेवलेली भाषा म्हाताऱ्याच्या तोंडून गळून पडली.

“परत आलेला कूलर व्हता त्यो. आत पाणी मुरलेलं, करंट बाहेर येत व्हता. मी म्हणलो, रंग मारा अन् नवा म्हणून द्या पाठवून. पोरगी मेली. दुकानाचं नाव गेलं ते गेलं. पण ते माझ्यापायी गेलं, हे पोराला कळायला नको व्हतं.”

विश्वजीत उठला आणि शटरपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

शेठनी मान वळवून सुरेखाकडे पाहिलं. “अन् तुझा नवरा काय धुतल्या तांदळासारखा नव्हता. रंग कुणी मारला? त्यानंच. फुलंब्रीला नेऊन बसवला कुणी? त्यानंच. त्याला समदं ठाऊक व्हतं.”

फौजदारांचा पेन थांबला. तुरुंगाच्या भेटीच्या जाळीपाशी कडूबांनी कितीतरी बायका उभ्या पाहिल्या होत्या. ही बाई आज इथं यायला नको होती, असं त्यांना मनापासून वाटलं.

“साहेब, ते शेवटचं राहू द्या,” ते हळूच म्हणाले. “मेलाय तो.”

सुरेखा खोक्यापासून दूर झाली.

“उन्हाळाभर घरचा कूलर लावू दिला नाय त्यांनी,” ती म्हणाली. “लेकरं घामानं निथळायची, तरी नाय. मी भांडले बी.” मग ती फौजदारांच्या टेबलापाशी गेली.

“लिव्हा, साहेब. ते बी लिव्हा. हेच सांगायला येणार व्हते ते.”

फौजदारांनी कडूबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि खाली मान घालून लिहायला लागले. ते पूर्ण होईपर्यंत सुरेखा तिथंच उभी राहिली.