आठवं काम

सावरी बंदरातली विजेवरची फेरीबोट त्या दिवशी दुपारी चार वाजता प्रवासी घेऊन पहिल्यांदाच तांडेलाशिवाय, म्हणजे चालवणाऱ्या माणसाशिवाय, खाडी ओलांडणार होती. त्यासाठी फक्त शमिका पाटणकरची सही हवी होती. सकाळी आठलाच धक्क्यावरच्या खोलीत येऊन बसलेल्या शमिकाला ती करायची भलतीच घाई झाली होती. बोटीचं सॉफ्टवेअर तिनेच तर उभं केलं होतं.

हे सॉफ्टवेअर एका वेळी सात कामं करायचं. एक काम चढणाऱ्या माणसांचं आणि गाड्यांचं वजन मोजायचं, दुसरं त्या वजनावरून टाक्यांत पाणी खेळवून बोटीचा तोल सांभाळायचं, आणि अशीच आणखी पाच. गोम अशी, की दोन कामांनी एकच आकडा एकाच क्षणी हाताळला तर तो धड जुना राहत नाही, धड नवा होत नाही. एकाच आमटीत दोघींनी एकमेकींना न सांगता मीठ घालावं, तसं. असला दोष चाचणीत शंभरदा लपतो आणि भरल्या बोटीत एकदाच उगवतो.

तो हुडकायला ‘झडती’ नावाची वेगळी प्रणाली होती. झडती बोटीचा प्रोग्राम चालवून बघत नसे. ती तो नुसता वाचायची आणि कामं कुठल्या कुठल्या क्रमाने एकमेकांत घुसू शकतील ते पडताळायची. मात्र तिला आधी मांडणी भरून द्यावी लागे: कामं किती, कोण कोणाला थांबवू शकतं, कोणती दोन कधीच एकत्र चालत नाहीत. जुनी झडती मांडणीत लिहिलेलं सगळं निमूट खरं मानायची. नवी मात्र मानण्याआधी कारण विचारायची, तेही खाष्ट मुख्याध्यापिकेच्या थाटात.

पडद्यावर दोष शून्य होते. प्रश्न मात्र एक होता.

‘वजन आणि तोल ही कामं कधीच एकत्र चालत नाहीत, असं तुम्ही लिहिलं आहे. पुरावा म्हणून सहा वर्षांच्या नोंदी जोडल्या आहेत. त्यांत या दोन कामांमध्ये दर वेळी निदान नऊ सेकंद जातात. हे अंतर राखणारी ओळ कोडमध्ये नाही. ते कोण राखतं?’

शमिका वैतागली. तिने सगळा कोड दोनदा चाळला. अशी ओळ खरंच नव्हती. मग वैतागाची जागा कुतूहलाने घेतली, आणि खाली उतरून ती साडेनऊच्या फेरीला बोटीत जाऊन बसली.

रघुवीर पालशेतकर या खाडीवर तीस वर्षं तांडेल होते आणि आजचा त्यांचा शेवटचा दिवस होता. शेवटची रिक्षा चढली, बोटीच्या तोंडाची झडप मिटली. तांडेलांनी निघायचं बटण दाबलं नाही. दोरीला बांधलेला डबा खाडीत सोडून त्यांनी पाणी काढलं, ओंजळभर नाळीवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, शिंपडलं, हात पंच्याला पुसले आणि मग सावकाश बटणाकडे आले. शमिका मनात मोजत होती. दहा सेकंद झाले होते.

हे रोज करता का, असं तिने विचारलं.

“खाडीला सांगितल्याशिवाय निघायचं नाय, बाय,” तांडेल म्हणाले. “बापूस पण तसाच करायचा.”

शमिकाला स्वतःची लाज वाटली. ही ओंजळ तिने गेल्या सहा वर्षांत कितीदा पाहिली होती, आणि म्हाताऱ्याचं खूळ म्हणून सोडून दिली होती. तोलाचं काम निघायच्या बटणाने सुरू व्हायचं, आणि वजन मोजून होईपर्यंत ते सुरू होत नव्हतं ते या ओंजळीमुळे. चार वाजता झडप मिटताक्षणीच बोट निघणार होती. तांडेलाशिवायच्या चाचण्या तिने घेतल्या होत्या खऱ्या, पण रिकाम्या बोटीवर, जिथे मोजायला वजनच नव्हतं.

खोलीत परतल्यावर तिने मांडणीतलं ते विधान खोडलं. झडतीने लगेच दोष दाखवला. एक काम आकडा हाताळत असताना दुसऱ्याने दाराबाहेर थांबावं, असं कुलूप घालायला तासभर लागला. दोष पुन्हा शून्य झाले. आता सही करता आली असती.

तिने पेन उचललं, पण ती ओंजळ डोळ्यांपुढून हलेना. मग पेन ठेवून तिने कामांच्या यादीत सातव्याखाली लिहिलं: ‘आठवं काम: तांडेल. आज चार वाजता बंद.’

या वेळी झडतीला बराच वेळ लागला.

‘फक्त नोंदींवर विसंबलेली आणखी चौदा विधानं आहेत. ती सगळी आठवं काम चालू असतानाच खरी ठरली आहेत. ते बंद झाल्यावर त्यांची हमी कोण देणार?’

बोट आज तांडेलाशिवाय निघणार नाही, असं तिने वरच्या कचेरीला फोनवर कळवलं आणि बोलणी खाल्ली. मग ती धक्क्यावर आली. तांडेल आपला डबा, छत्री, पंचा पिशवीत भरत होते. आणखी पंधरा दिवस याल का, असं तिने विचारलं. ती वही घेऊन शेजारी बसणार होती, आणि ते जे जे करतील ते सगळं लिहून घेणार होती.

तांडेलांनी पिशवी खाली ठेवली. त्यांना बरं वाटलं होतं, ते लपत नव्हतं. मग त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं.

“पाण्याचं तू विचारलंस म्हणून सांगितलं,” ते म्हणाले. “बाकी मी काय काय करतो, ते मला तरी कुठं म्हायती?”